अठरावं नाव

मैदानाच्या कोपऱ्याशी तो उकिडवा बसायचा, एक डोळा मिटून फक्कीच्या दोन रेघा जिथं मिळतात तिथं रोखून बघायचा आणि मान हलवायचा. "गुण्यात न्हाई, सर."

गुण्यात म्हणजे काटकोनात. हा गवंड्यांचा शब्द. मी नांदेडच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होतो. वर्षानुवर्षं चुन्याच्या फक्कीनं मैदान आखून घेतलं, पण कोपरा काटकोनात आहे का हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं. रेघ पांढरी दिसली की आमचं काम झालं. हा पठ्ठ्या मात्र खिशातून लाइनदोरी काढायचा, दोन खिळे ठोकायचा, पायानं रेघ पुसायचा आणि पुन्हा आखायचा.

"अरे, किती वाकडं आहे?"

"चार बोटं आसंल."

"चार बोटांनी काय गोल अडणार आहे का?"

"न्हाई अडत, सर. पर वाकडं हाय ना."

मी शिट्टी वाजवत दुसऱ्या टोकाला जायचो.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. तुम्ही म्हणाल, लिहायला काय हरकत आहे? हरकत आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर तुम्हीच म्हणाल की या माणसाला ते नाव लिहायचा हक्क उरलेला नाही.

संचालक म्हटलं की लोकांना वाटतं हाताखाली चार माणसं असतील. माझ्या हाताखाली हवा भरायचा एक पंप होता, सायकल स्टँडला लागून एक खोली होती आणि हमीदचाचा होते. हमीदचाचा जिमखान्याचे शिपाई. चप्पल कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघून ते मुलगा डावखुरा की उजवा हे सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. माझं निघायचं नाही.

आमच्याकडे फुटबॉलचे खेळाडू दोन प्रकारचे. एक आम्ही आणलेले. देगलूर, उदगीर, शहरातले क्लब असं फिरून मी मुलं हेरायचो. त्यांना पहिल्या दिवसापासून संस्थेची खेळाडू शिष्यवृत्ती. म्हणजे फी माफ, वसतिगृहात खोली आणि मेसमध्ये दोन्ही वेळचं जेवण. दुसरे आपणहून येऊन मैदानाच्या कडेला उभे राहणारे. हमीदचाचा त्यांना बिनबुलाये म्हणायचे. बिनबुलायांना शिष्यवृत्तीची एकच वाट होती. कॉलेजच्या संघात यायचं, लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांची स्पर्धा होते तिच्यात खेळायचं, आणि तिथून विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पदवी हातात पडेपर्यंत सगळं माफ. दरवर्षी दहा-बारा बिनबुलाये यायचे. दिवाळीपर्यंत दोघं उरायचे आणि उन्हाळा लागला की तेही दिसेनासे व्हायचे. तुम्ही सकाळच्या वेळी कुठल्याही कॉलेजच्या मैदानावर गेलात तर कडेला असा एखादा उभा दिसेल. हातात पिशवी आणि पायात दुसऱ्या कुणाचे तरी बूट.

हा आला तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता आणि वय एकवीस. बाकीची मुलं अठराची. भोकरजवळच्या खेड्यातला. वडील नव्हते, आई लोकांच्या शेतात कामाला जायची. बारावी झाल्यावर दोन वर्षं हैदराबादला बिल्डिंगच्या कामावर गेला आणि मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, परत येऊन प्रवेश घेतला.

मी विचारलं, "फुटबॉल कुठं शिकलास?"

"साइटवर, सर. सांच्याला काम सुटलं की बंगाली पोरं खेळायची. एक मानूस कमी पडायचा. मी हाय की, म्हनलं."

मी हाय की. हे त्याचं पालुपद. गोलकीपर आला नाही? मी हाय की, सर. पाण्याचा कॅन कोण उचलणार? मी हाय की. एकदा रक्तदान शिबिरासाठी प्राचार्यांनी जिमखान्यातून एक जण पाठवा म्हणून चिठ्ठी धाडली. मी ती वाचत दारात उभा होतो, वाचून संपायच्या आत आतून चेंडू पुसता पुसता आवाज आला, "मी हाय की."

खेळायला कसा होता? खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी सुमार होता. चेंडू त्याच्या पायाशी फार वेळ राहायचा नाही. पण चेंडू गेला की तो त्याच्या मागं पळायचा. तुम्हाला वाटेल यात काय विशेष. आमचे आणलेले हिरे चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून पंचांकडं बघत उभे राहायचे, जणू पंच तो परत आणून देणार आहेत. हा पळायचा. पडला तर उठून पळायचा. महिनाभरानं मी त्याला डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून उभा केला, सरावापुरता. संघाला सरावाला समोर कुणीतरी लागतंच.

शहराच्या टोकाला सेंट्रिंगच्या कामावरच्या चौघांबरोबर तो पत्र्याच्या खोलीत राहायचा. सकाळी मैदान, मग वर्ग, दुपारनंतर सेंट्रिंग. अंगाला कायम सिमेंटचा वास. मुलं त्याला 'स्लॅब' म्हणून हाक मारायची. तो म्हणायचा, "स्लॅब तर स्लॅब. गळत तर न्हाई ना?" सरावाच्या एका सामन्यात समोरचे तीन जण चेंडू घेऊन त्याच्या अंगावर आले आणि तिघंही चेंडू गमावून परत गेले, तेव्हा आमचीच मुलं ओरडली, "गळत न्हाई, गळत न्हाई!" त्या दिवशी तो लाजून अर्धा झाला.

एकदा फक्की ओढता ओढता त्यानं मला विचारलं, "सर, होस्टेलच्या खोलीत टेबल आसतो का?"

"असतो."

"परत्येकाला येगळा?"

"हो. टेबल, खुर्ची, वर दिवा. का रे?"

"काय न्हाई. आमच्या खोलीत पाच जन. पुस्तक उघडलं की तेच्यावर कोन तरी भाकर ठिवतं." तो हसला आणि रेघ ओढत पुढं गेला. मग मागं वळून म्हणाला, "बी.ए. झालं की मला बी तुमच्यासारखं व्हायचंय, सर. मैदानाचा सर."

मला बरं वाटलं. माझ्यासारखं व्हावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं, माझ्या मुलालासुद्धा. त्या टेबलासाठी हा पळतोय हे मला त्या दिवशी कळलं आणि मी मनात ठरवलं की पुढच्या वर्षी याला संघात घ्यायचं. मनात ठरवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

हमीदचाचांनी उन्हाळ्यात विचारलं, "सरजी, बिनबुलाया अब भी आ रा. इस को कागज पे कब लेते?"

"या वर्षी घेतो."

कागदाची गोष्ट सांगतो. संघाची यादी अठरा नावांची असते. आमच्या यादीतली शेवटची दोन-तीन नावं मैदानावर कधी यायची नाहीत. ती संस्थेच्या कार्यालयातून यायची. कार्यालय वरच्या मजल्यावर, म्हणून हमीदचाचा त्यांना ऊपरवाले म्हणायचे. संघात नाव असलं की परीक्षेत गुणांची सवलत मिळते, पुढं नोकरीत खेळाडूंच्या जागा असतात, तिथं प्रमाणपत्र उपयोगी पडतं. हे मला सगळं माहीत होतं. प्रत्यक्ष खेळायला पंधरा जण पुरतात, मग तीन नावांनी कुणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. वर्षानुवर्षं समजावलं की माणसाला पटतं.

त्याच्या दुसऱ्या वर्षी मी यादी केली आणि अठरावं नाव त्याचं लिहिलं, शाईनं. त्याला दाखवलंसुद्धा. त्यानं आपल्या नावावर बोट ठेवलं नाही, शेजारच्या कोऱ्या जागेवर ठेवलं. शाई ओली असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी वर बोलावलं.

"मास्तर, आमच्या पुतण्याचं नाव घाला या वेळी. गुण कमी पडून राहिलेत त्याला."

"साहेब, दोन नावं आधीच तुमच्याकडची आहेत. अठराव्या जागेवर एक मुलगा आहे. वर्षभर येतोय."

"तो पुढच्या वर्षी कॉलेजात नाही का?"

"आहे."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि फोन उचलला.

मी खाली आलो. त्याच्या नावावर व्हाइटनर लावलं, फुंकर मारली, वाळल्यावर वरून पुतण्याचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं. माझं अक्षर चांगलंच आहे.

संध्याकाळी त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि बोटाला दोरी गुंडाळत होता. "चालतंय की, सर. फुडच्या वर्षी. मी हाय की."

चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, मला निदान त्याचा राग करता आला असता.

स्पर्धा लातूरला होती. निघायच्या आदल्या दिवशी आमचा देगलूरचा बचावपटू गुडघा धरून बसला. डाव्या बाजूला माणूस नाही. ऊपरवाले तिघंही घरी. मी याला म्हटलं, किटबॅगा सांभाळायला चल. तो पिशवी घेऊन तयारच होता.

लातूरच्या मैदानाबाहेर एका लिंबाखाली बसून मी बॅग उघडली. कॉलेजचा शिक्का बॅगेत असायचाच. यादी आधीच पाठवलेली, तिच्यात नाव बदलता येत नव्हतं, पण तपासणीला द्यायचे खेळाडूंचे फॉर्म माझ्याजवळच होते. पुतण्याचा फॉर्म होता, पण फोटोची जागा रिकामी, कारण फोटो द्यायलाही त्याला सवड झाली नव्हती. ज्याच्या नावावर व्हाइटनर लावलं त्याचा फॉर्मही बॅगेत तसाच पडून होता, फोटोसकट. तो फोटो मी नखानं हळूच सोडवला, पुतण्याच्या फॉर्मवर डिंकानं चिकटवला आणि अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा शिक्का मारला. आयत्या वेळची अडचण निवारली असंच वाटत होतं.

"आज तू त्याच्या नावानं खेळ," मी म्हटलं.

तो फॉर्मकडं बघत राहिला. स्वतःचा चेहरा आणि खाली दुसऱ्याचं नाव. "आन् माझं नाव?"

"पुढच्या वर्षी."

"सर," त्यानं विचारलं, "आन् निवड झाली तर?"

मी हसलो. "आधी खेळ तर. निवड झाली तर बघू ना. मी आहे ना."

हे शब्द त्याचेच होते. फरक इतकाच की तो म्हणायचा तेव्हा तो असायचा.

मैदानात उतरण्याआधी टेबलामागं बसलेले स्पर्धेचे एक गृहस्थ नावं पुकारतात आणि फोटोशी चेहरा ताडून बघतात. पुतण्याचं नाव पुकारलं. कुणी पुढं होईना. मी त्याला कोपरानं ढोसलं. तो एक पाऊल पुढं गेला आणि सवयीनं तोंडातून आलं, "मी हाय की, सर." टेबलावरच्या गृहस्थांना हसू आलं. त्यांनी फोटो बघितला, चेहरा बघितला, खूण केली.

मग तो जे खेळला ते मी आयुष्यभर मुलांना खेळवूनही पुन्हा पाहिलं नाही. तीन सामने. त्याच्या बाजूनं एकही चेंडू आत गेला नाही. अंतिम सामन्यात आमचा गोलकीपर पुढं गेलेला, गोल उघडा, समोरच्यानं चेंडू मारला आणि हा कुठून आला देव जाणे, गोलरेषेवर आडवा पडून छातीनं चेंडू बाहेर काढला. तो सामना आम्ही हरलो, पलीकडच्या बाजूनं झालेल्या गोलानं. पण लोक याच्याभोवती जमले. एका स्थानिक पेपरच्या फोटोग्राफरनं त्याला चेंडू हातात घेऊन उभं केलं. हमीदचाचा जाळीमागं उभं राहून डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते.

संध्याकाळी निवड समितीनं विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली. बचावपटूंमध्ये दुसरं नाव पुतण्याचं. टाळ्या पडल्या. तो अर्धवट उठला आणि माझ्याकडं बघितलं, उठू का, असं. मी मान हलवली. तो पुढं गेला, सगळ्यांशी हात मिळवला आणि माझ्याजवळ येऊन बसला. त्याची छाती अजून चेंडूच्या मारानं लाल होती.

परतीच्या बसमध्ये मुलं मागं गाणी म्हणत होती. तो पुढं माझ्या शेजारी होता. मग म्हणाला, "सर, आता टेबल भेटंल ना?"

"भेटेल," मी म्हटलं.

तो झोपला. माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. हातात चेंडू घेतलेला तो आणि खाली पुतण्याचं नाव. सचिवांनी पेपर मागवून घेतला आणि वर त्यांच्या खोलीत सगळे हसले असं कळलं. मी मात्र गेलो त्यांच्याकडं. एवढं तरी केलं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. म्हटलं, साहेब, पुतण्याला प्रमाणपत्र मिळालं, गुण मिळाले, त्याला वसतिगृहाची गरज नाही. शिष्यवृत्ती त्या मुलाला द्या. खेळला तो.

"कोण खेळला?" सचिवांनी विचारलं. आवाज गोड होता. "कागदावर तर आमचा पुतण्या खेळलाय. दुसरंच कुणी खेळलं असेल तर तसं तुम्ही लिहून द्या. फॉर्मवर सही कुणाची आहे, बघू?"

सही माझी होती. पेन्शनला चार वर्षं उरली होती. मी लिहून दिलं नाही.

विद्यापीठाच्या शिबिराला पुतण्याचा पाय मुरगळल्याचा डॉक्टरी दाखला गेला. इकडं मी याला सांगत राहिलो की कागदपत्रं चालू आहेत. वरून सही यायचीय. साहेब दौऱ्यावर आहेत. परीक्षा जवळ आल्यावर त्यानं विचारणं सोडलं. फक्की मात्र सोडली नाही. रोज सकाळी कोपऱ्याशी बसून एक डोळा मिटायचा. त्या दिवसांत मी कोपऱ्याकडं जाणं टाळायचो.

तिसऱ्या वर्षी मी यादी केली तेव्हा पहिलंच नाव त्याचं लिहिलं. वर जाऊन सांगितलं की या नावाला हात लावायचा नाही. माझा असा आवाज ऐकून सचिव म्हणाले, "बरं बरं, मास्तर, रागावता कशाला?" मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. त्याला सांगितलं, आता तुझ्या नावानं खेळायचं, निवड व्हायची आणि हे शेवटचं वर्ष उरलंय ते टेबलावर बसून काढायचं. तो पहिल्यांदा माझ्या पाया पडला. आमच्यात पाया पडत न्हाईत सर, असं पूर्वी एकदा तोच म्हणाला होता.

पुन्हा लातूर. पुन्हा तेच टेबल आणि टेबलामागं तेच गृहस्थ. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. शेकडो मुलं येतात, कोण कुणाला लक्षात ठेवतं? आणि खरंच, आमची बाकीची मुलं त्यांच्या लक्षात नव्हती. याचं नाव पुकारलं, हा पुढं झाला आणि म्हणाला, "मी हाय की, सर." गृहस्थांनी मान वर केली.

"अरे, तू तर गोलरेषेवर आडवा पडलेला!" ते आनंदानं म्हणाले. मग फॉर्मकडं बघितलं. मग मागच्या वर्षीची फाइल मागवली.

तो वाईट खेळला असता तर कुणी ओळखलं नसतं. चांगला खेळला म्हणून सापडला. हे मी किती वेळा मनात घोळवलं असेल याला गणती नाही.

त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. दोन नावं, एकच चेहरा. "सर, हा काय प्रकार?"

तो माझ्या शेजारी उभा होता. कोपर कोपराला लागत होतं.

"मला कल्पना नाही," मी म्हणालो. "फॉर्म मुलंच भरतात. आम्ही सह्या करतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कोपरा तपासताना बघायचा तसं, एक डोळा बारीक करून.

गृहस्थांनी त्याला विचारलं, "मागच्या वर्षी दुसऱ्याच्या नावावर खेळलास ते तूच ना?"

"हाव सर. मीच."

"कुणी सांगितलं तसं करायला?"

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला त्याची काळजी वाटत नव्हती, माझी वाटत होती.

"कुनी न्हाई," तो म्हणाला. "मीच केलं."

विद्यार्थी आहे तोवर कुठल्याही स्पर्धेत खेळायला बंदी, असा निकाल लागला. शिष्यवृत्तीची वाट तिथं संपली. पुतण्याला कुणी काही विचारलं नाही. संस्थेकडची त्याची फाइल डॉक्टरी दाखल्यासकट नीट होती, आणि तिच्यामागं सचिव उभे होते. पुढं त्या प्रमाणपत्रावर त्याला सरकारी नोकरी लागली. माणूस स्वभावानं वाईट नाही, भेटला की सर म्हणून वाकून नमस्कार करतो.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो तेव्हा सगळं मैदान नव्यानं आखलेलं होतं. चारही कोपरे. जिमखान्याच्या ओट्यावर त्याची जर्सी धुऊन घडी करून ठेवली होती. हमीदचाचा म्हणाले, उजाडताना आला होता. आखून झाल्यावर दोरी गुंडाळली आणि गेला. दोरी त्याची स्वतःची होती, ती घेऊन गेला.

"कुछ बोला?" मी विचारलं.

"उसने तो कुछ नई बोला, सरजी," हमीदचाचा म्हणाले. "आप भी तो कुछ नई बोले." त्या दिवसापासून त्यांनी आपणहून मला चहा आणून देणं बंद केलं. मागितला तर द्यायचे.

तो वर्गातही परत आला नाही. परीक्षेला बसला नाही.

मी यथावकाश निवृत्त झालो. निरोपसमारंभात सचिवांनी माझ्या निष्ठेबद्दल चार शब्द सांगितले. कपाट रिकामं करताना हमीदचाचांनी एक पाकीट माझ्यापुढं टाकलं. त्याचा बारावीचा दाखला आणि मूळ गुणपत्रक. प्रवेशाच्या वेळी दिलेलं, कधी न्यायलाच आला नव्हता. टपालानं पाठवता आलं असतं. मी ते घेऊन भोकरला गेलो आणि तिथून रिक्षानं त्याच्या गावी.

दोन खोल्यांचं घर, वर पत्रे. नवीन बांधलेली भिंत, तिचा कोपरा बघितल्याबरोबर कळलं कुणी बांधलीय. आई ओट्यावर तूर पाखडत होती. मी कॉलेजचं नाव सांगितलं तशी सूप बाजूला ठेवून उठली.

"जयभीम, सर. बसा की. तुमीच का ते मैदानाचे सर? तो हैदराबादला हाय. आता मिस्त्री झालाय. लई मोठमोठ्या बिल्डिंगी बांधून राहिला." मग म्हणाली, "तुमचं लई सांगतो. सर लई चांगले व्हते म्हनतो."

मी पाकीट दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उघडून मलाच परत दिलं. "हे काय हाय?" मी सांगितलं. दाखल्यावरचं नाव वाचून दाखवलं. त्याचं, वडिलांचं, आडनाव. तिनं मान हलवली आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखी आत गेली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून घेऊन आली. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यातून तिनं एक घडी केलेलं कात्रण काढलं.

पिवळं पडलं होतं, पण चेहरा स्पष्ट होता. हातात चेंडू. बावीस वर्षांचा, घामेजलेला, हसणारा.

"पेपरात आलं व्हतं," ती म्हणाली. "म्या सोता जपून ठिवलंय. तेच्या खाली काय लिव्हलंय ते वाचा की, सर. तेला म्हनलं तर वाचत न्हाई. र्‍हाऊ दे माय, म्हनतो."

फोटोखाली दोन ओळी होत्या. स्पर्धेत उत्कृष्ट बचाव करणारा, विद्यापीठाच्या संघात निवड झालेला खेळाडू, आणि पुढं पुतण्याचं पूर्ण नाव.

मी चष्मा लावला. ओळींवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. स्पर्धेत उत्कृष्ट बचाव करणारा, विद्यापीठाच्या संघात निवड झालेला खेळाडू, आणि पुढं तिच्या मुलाचं नाव वाचलं. त्याचं, वडिलांचं, आडनाव. जिथं ते राहायला हवं होतं तिथून मी ते पुसलं आणि या बाईला ते खोटं वाचून दाखवत होतो. खरं सांगायची ही शेवटची संधी होती. मी तीही घेतली नाही.

ती लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर माझ्या बोटाखालून कात्रण काढून घेतलं, होत्या त्याच घड्यांवर दुमडलं आणि फोटोच्या मागं सरकवलं.

"आळीतली पोरं वाचतेत ना, सर, तर दर टायमाला दुसरंच नाव वाचतेत," ती म्हणाली. "म्या म्हनलं, लेकरं हायेत, तेंला अजून वाचता येत न्हाई. आता तुमी वाचलाव. आता तेच खरं."